फटफटीचा स्वार आणि मेंदूचा वैद्य

दसऱ्याला किंवा पाडव्याला ज्या घरी नवी गाडी येते, त्या घरचा सोहळा पाहण्यासारखा असतो. हँडलला झेंडूची माळ चढते, पुढच्या दिव्यावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते आणि ते चिरडीत घरातला तरुण मुलगा पहिला फेरा मारायला बाहेर पडतो. दारात उभी असलेली आई हातातले तबक सावरीत त्याच्या पाठीवर दोनच शब्द टाकते, "सावकाश रे!" गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होते, पण तिचा आवाज पुन्हा ऐकू येईपर्यंत आईचा पाय काही घरात वळत नाही.

त्या एका फेऱ्यात मुलाला काय मिळते आणि तेवढ्याच वेळात आईच्या जिवाचे काय होते, याचा ताळेबंद मांडणे सोपे नाही. दोन पारड्यांत घालायच्या या वस्तू मुळी एका जातीच्याच नव्हेत. एकीकडे मोकळा रस्ता, अंगावर घेतलेला वारा आणि कोणाचीही मनधरणी न करता हवे तेव्हा हवे तिकडे जाता येण्याचे सुख. दुसरीकडे हात, पाय आणि डोके. हे तोलायचे कोणत्या मापाने? हा प्रश्न त्या यंत्राइतकाच जुना आहे. त्याच्या उत्तरासाठी तत्त्वज्ञानाच्या वाटेला न जाता आपण इतिहासाकडे वळू. तिथे एक स्वार आहे आणि एक वैद्य आहे. दोघांची गाठ पडली, पण ती स्वार बेशुद्ध असताना.

या यंत्राचा जन्मच मुळी थोडा होरपळून निघालेला आहे. १८८५ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या कान्श्टाट गावी गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्याच्या एका दुचाकीवर आपले पेट्रोलचे इंजिन बसविले. डाइमलरचा मुलगा तिच्यावर बसून काही मैल गेला खरा, परंतु बसण्याच्या जागेखालीच इंजिनाची तापलेली नळी असल्यामुळे त्या जागेने पेट घेतला, अशी कथा सांगतात. म्हणजे पहिल्या स्वारालाच मजा आणि झळ या दोहोंची चव एका बैठकीत मिळाली! पुढे हे यंत्र आपल्याकडे आले तेव्हा लोकांनी त्याच्या आवाजावरून त्याला 'फटफटी' म्हटले. मोटारसायकल हा शब्द कागदोपत्री राहिला. फटफटी घराघरांत शिरली.

या वाहनाची एक गोष्ट पहिल्यापासूनच डॉक्टरांच्या ध्यानी येऊ लागली होती. मोटारगाडीतला माणूस पेटीत बसलेला असतो. आगगाडीतला तर घरातच असतो म्हणा ना. फटफटीवरचा माणूस मात्र यंत्राच्या वर असतो. यंत्र एकाएकी थांबले की तो थांबत नाही. तो पुढे जातो आणि बहुधा डोक्याच्या बाजूने जातो. इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे शर्यतींसाठी बांधलेला एक धावमार्ग होता. तिथे एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर काम पाहत. डोक्याला मार लागलेले स्वार वारंवार हातांखालून जाऊ लागले, तेव्हा १९१४ च्या आरंभी त्यांनी लंडनच्या बेथनल ग्रीन भागातल्या एका कारागिराकडून कॅनव्हास आणि चपड्यालाख यांचे एक टणक टोप करून घेतले. वरून गुळगुळीत, कशावर आपटले तर अडकून न राहता घसरून जावे असे. शर्यतींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाने आधी नाके मुरडली, पण शेवटी त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध शर्यतीत ते टोप सक्तीचे केले. शर्यतीनंतर बेटावरच्या डॉक्टरांकडून गार्डनरना जे कळले ते मोठे गमतीचे होते. दरवर्षी शर्यतीच्या मोसमात मेंदूला धक्का बसलेले काही रंजक रोगी मिळत, यंदा तसा एकही मिळाला नाही!

मग महायुद्ध आले आणि ही गोष्ट शर्यतींपुरतीच राहिली. शर्यतीत धावणाऱ्याने डोके झाकावे, बाकीच्यांनी कापडी टोपी घालावी किंवा तीही घालू नये, असा प्रघात पुढची पंचवीस वर्षे चालला. या पंचवीस वर्षांतच आपला स्वार येतो.

टी. ई. लॉरेन्स हे नाव आपल्या वाचकांना चित्रपटामुळे तरी ठाऊक असेलच. १८८८ साली वेल्समध्ये जन्मलेला, ऑक्सफर्डला इतिहास शिकलेला आणि प्राचीन अवशेषांच्या उत्खननात रमलेला हा ठेंगणा माणूस पहिल्या महायुद्धात अरबस्तानात गेला. तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांबरोबर उंटावर बसून वाळवंट तुडवीत राहिला, तुर्कांची आगगाडी सुरुंगाने उडवीत राहिला आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कसला पोहोचला. युद्ध संपल्यावर त्याच्या लक्षात आले की, अरबांना दिलेली स्वातंत्र्याची वचने पाळायचा त्याच्या सरकारचा मानस नाही. कीर्ती तर अशी झाली की, रस्त्याने चालणे मुश्कील. तेव्हा या कर्नलने एक विलक्षण गोष्ट केली. १९२२ मध्ये नाव बदलून तो विमानदलात सर्वांत खालच्या पायरीवरचा शिपाई म्हणून भरती झाला. वर्तमानपत्रांनी त्याला हुडकून काढले, तेव्हा नोकरी गेली. मग दुसऱ्या नावाने तो रणगाडा दलात शिरला आणि १९२५ मध्ये पुन्हा विमानदलात आला.

या अज्ञातवासात तो आपल्या देशातही होता. १९२७ साली त्याला कराचीच्या छावणीत धाडण्यात आले. तिथून पुढे वायव्य सरहद्दीवर मीरानशाहच्या किल्ल्यात. तिकडे अफगाणिस्तानात बंड उसळले आणि त्यामागे लॉरेन्सचाच हात आहे अशी आवई वर्तमानपत्रांत उठली. सरकारने घाईघाईने त्याला परत बोलावले. जानेवारी १९२९ मध्ये तो मुंबईच्या बंदरातून 'राजपुताना' बोटीने इंग्लंडला गेला.

या सबंध काळात त्याचे एकच ऐश्वर्य होते, ते म्हणजे फटफटी. साधीसुधी नव्हे, नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ यांच्या कारखान्यातली 'ब्रफ सुपीरियर'. त्या काळी लोक तिला दुचाक्यांतली रोल्सरॉइस म्हणत. तिच्या एका जातीची प्रत्येक गाडी ताशी शंभर मैल, म्हणजे एकशे साठ किलोमीटर, पळते की नाही हे पाहून मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती दिली जाई. शिपायाच्या पगारात न परवडणारी ही चीज लॉरेन्सने १९२२ पासून एकामागून एक अशा सात बाळगल्या आणि आठवी सांगून ठेवली होती. आपल्या गाडीला त्याने बायबलातले 'बोअनर्जीस', म्हणजे गडगडाटाचे पुत्र, असे नाव दिले. पुढे तो त्यांना विलायतच्या राजांप्रमाणे पहिला जॉर्ज, दुसरा जॉर्ज असे म्हणू लागला.

या गाड्यांनी त्याला काय दिले? विमानदलातल्या जीवनावर त्याने 'द मिंट' नावाचे पुस्तक लिहिले. ते त्याच्या मागे १९५५ मध्ये सर्वांसाठी छापले गेले. त्यात एक प्रकरण केवळ या गाडीचे आहे. दिवसाची कवायत संपल्यावर सडकेने निघावे, वर उडणाऱ्या एका विमानाशी शर्यत लावावी, आणि परतताना बराकीतल्या सोबत्यांसाठी गावोगावचे खाण्याचे जिन्नस पिशवीत भरून आणावेत, असा तो सारा मामला. ते प्रकरण वाचताना जाणवते की, या माणसाला वेग हा केवळ पराक्रम म्हणून नको होता. ज्याला झोप येत नव्हती, ज्याचे मन सतत मागचे उकरीत होते, त्याला शंभर मैलांच्या वेगात एक गोष्ट साधत होती: त्या क्षणी डोक्यात दुसरे काहीच राहत नव्हते. कोणी यासाठी जपमाळ ओढतो, कोणी गाणे म्हणतो. लॉरेन्स गाडीची कळ पिळीत होता.

त्याला धोका कळत नव्हता असे मात्र कोणी समजू नये. तो अनेकदा पडला होता. शिवाय धोका हाच त्याच्या शेवटच्या वर्षांतला व्यवसाय होता म्हटले तरी चालेल. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लिमथ येथे त्याच्या डोळ्यांदेखत विमानदलाचे एक विमान समुद्रात कोसळले. सुटकेच्या नौका संथ होत्या. त्या घटनेनंतर लॉरेन्सने जलद नौकांचा ध्यास घेतला. साउदॅम्टनजवळच्या कारखान्यात राहून, इंजिने उघडून, समुद्रावर त्यांच्या चाचण्या घेऊन त्याने विमानदलासाठी वेगवान नौका तयार करण्याच्या कामी मोठी मदत केली. बुडणाऱ्या वैमानिकापर्यंत चार मिनिटे आधी पोहोचले तर जीव वाचतो, हे गणित त्याला पाठ होते. म्हणजे दुसऱ्याच्या जिवाचे मोल तो जाणत होता. आपल्याही जिवाचे जाणत असावा. तरीसुद्धा आपल्या गाडीवर तो उघड्या डोक्याने बसे, कारण त्या काळी सगळेच बसत.

फेब्रुवारी १९३५ मध्ये त्याची नोकरी संपली. शेवटच्या ठाण्यावरून तो निघाला तो, आश्चर्य म्हणजे, साध्या पायसायकलवरून. डॉर्सेट परगण्यात क्लाउड्स हिल नावाची त्याची एक लहानशी झोपडीवजा घरटी होती. तिथे पुस्तके, ग्रामोफोन आणि निवांतपणा यांत उरलेले आयुष्य काढावे असा बेत होता.

१३ मे १९३५, सोमवार. सकाळी तो फटफटीवरून दीड मैलावरच्या बोव्हिंग्टन छावणीत गेला. पुस्तकांचे एक पुडके टपालात टाकले आणि हेन्री विल्यमसन या लेखकमित्राला दुसऱ्या दिवशी जेवायला येण्याची तार केली. परतीच्या रस्त्यावर चढउतार आहेत. एका उताराच्या पलीकडचे अलीकडून दिसत नाही. त्या बाजूला दोन पोरे सायकलींवरून चालली होती. लॉरेन्सने त्यांना पाहिले, वळण घेतले, त्यातल्या एकाच्या सायकलीला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. पोरे बचावली. त्याच्या डोक्याला मार लागला होता. एका शिपायाने चौकशीत सांगितले की, गाडी ताशी पन्नास-साठ मैलांनी चालली होती आणि समोरून एक काळी मोटार आली. पोरांनी मोटार पाहिल्याचे नाकारले. पडलेली गाडी मात्र दुसऱ्या गियरमध्ये आढळली, आणि त्या गियरमध्ये ती चाळीस मैलांच्या आतच चालत असे. ज्याने शंभर मैलांशी खेळ केला, त्याला घरापासून हाकेच्या अंतरावर, बेताच्या वेगात, दोन पोरांना चुकविताना मरण गाठते. यातला क्रूर विनोद सोडून द्या. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण धोका तोलतो तो लांबच्या प्रवासाचा, आणि बहुधा तो उभा असतो रोजच्या वाटेवर, टपाल आणि भाजी यांच्यामध्ये.

लॉरेन्स सहा दिवस बेशुद्ध होता. बोव्हिंग्टनच्या लष्करी इस्पितळात मोठमोठ्या डॉक्टरांना पाचारण करण्यात आले. त्यांत लंडनहून आलेले एक अडतीस वर्षांचे शल्यवैद्य होते. त्यांनी रोग्याला तपासले. करण्यासारखे काही उरले नव्हते. १९ मे रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, लॉरेन्स गेला. दोन दिवसांनी मोर्टनच्या लहानशा दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. त्या वेळी चर्चिलसुद्धा हजर होते. चौकशीचा निकाल 'अपघाती मृत्यू' असा लागला आणि सरकारदप्तरी प्रकरण मिटले.

त्या शल्यवैद्यांचे नाव ह्यू केर्न्स. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावचे हे गृहस्थ. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले आणि मग अमेरिकेत बॉस्टनला जाऊन मेंदूवरील शस्त्रक्रियेचे आद्य आचार्य हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली ती विद्या शिकून परतले. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी ते ऑक्सफर्डला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तिथल्याच एका महिला महाविद्यालयाच्या इमारतीत डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी खास इस्पितळ उघडण्यात आले. केर्न्स त्याचे प्रमुख सूत्रधार होते.

तिथे येणाऱ्यांत तोफगोळ्यांनी जखमी झालेले होते, तसेच फटफटीवरून पडलेलेही पुष्कळ होते. सैन्यातला निरोप्या फटफटीवरून जाई. शत्रूच्या विमानांना काही दिसू नये म्हणून सडकांवर काळोख केलेला, गाडीचा दिवा झाकलेला, स्वार विशीतला, कित्येकदा नवशिका. शत्रूची गोळी न लागता हे पोरगे सडकेवर मरत होते. केर्न्स यांनी आकडे मांडले. युद्धापूर्वीच्या एकवीस महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर फटफटीचे स्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मिळून १,८८४ जण मेले होते. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत पेट्रोलचे रेशनिंग असूनही मेले २,२७९. म्हणजे शेकडा एकवीसने अधिक. यांतले बहुतेक डोक्याच्या माराने. आणि मग त्यांना एक लहानशी गोष्ट दिसली, जी एखाद्याने सहज सोडून दिली असती. त्यांच्या पाहण्यात टोप घातलेले अपघातग्रस्त स्वार अवघे सात आले होते. त्या सातांपैकी एकही मेला नव्हता.

४ ऑक्टोबर १९४१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये केर्न्स यांनी हे सारे प्रसिद्ध केले. सात माणसांवरून कायदा होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. परंतु जिथे थांबून राहण्याची किंमत रोज मोजावी लागत होती, तिथे सैन्याने वाट पाहिली नाही. त्याच नोव्हेंबरात कामावर असलेल्या प्रत्येक लष्करी स्वाराला टोप घालणे सक्तीचे झाले. सत्तावीस वर्षांपूर्वीचे ते ब्रुकलँड्सचे डॉक्टर गार्डनर अजून हयात होते. केर्न्स यांचा लेख वाचून त्यांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहिले आणि आपल्या चपड्यालाखेच्या टोपांची हकीकत सांगितली. शहाणपण एकदा सापडले म्हणजे ते कायमचे हाती राहतेच असे नाही. ते पुन्हा शोधावे लागते, आणि मधल्या काळाची किंमत कोणीतरी भरतो.

केर्न्स तिथे थांबले नाहीत. होल्बर्न नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाला हाताशी धरून डोक्याला मार बसतो म्हणजे नेमके काय होते, हे त्यांनी शोधायला घेतले. होल्बर्न यांनी जिलेटिनचा, म्हणजे आपल्या जेलीसारख्या पदार्थाचा, मेंदू करून पाहिला आणि दाखवून दिले की, कवटी एकदम गरकन फिरली की आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि ताणला जातो. मोठ्या डब्यात दही भरून डबा झटक्यात फिरविला तर दह्याचे जे होते, तेच. १९४३ मध्ये शंभरावर अपघात तपासून या दोघांनी लिहिले की, टोप असता इजा हलकी होते. १९४६ मध्ये केर्न्स यांनी सबंध युद्धकाळाचे आकडे मांडले. नोव्हेंबर १९४१ नंतर मृत्यू उतरत गेलेले दिसत होते. चिकित्सक वाचक इथे म्हणेल की, १९४२ च्या जुलैपासून खासगी गाड्यांचे पेट्रोलच बंद झाले होते, मग गाड्या कमी म्हणून मृत्यू कमी. ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच पुढच्या पिढ्यांनी हा हिशेब पुन:पुन्हा तपासला. २००८ मध्ये जगभरच्या एकसष्ट अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, टोपामुळे अपघातात मरण्याचा धोका शेकडा ४२ ने आणि डोक्याला इजा होण्याचा धोका शेकडा ६९ ने घटतो. सात माणसांवरून केर्न्स यांनी बांधलेला अंदाज खरा ठरला.

टोप हे काम करतो कसे, यात जादू काही नाही. वरचे टणक कवच एका टोकाला बसणारा घाव सगळीकडे पसरवते आणि आतला फेसासारखा थर दबून स्वतः चुरडतो. तो चुरडायला जो क्षणाचा अंश लागतो, तेवढ्यात डोके थांबायला एखाद्या इंचाची जागा मिळते. चेंडू झेलताना खेळाडू हात मागे घेतो, तसेच हे. म्हणून एकदा जोराने आपटलेला टोप वरून धड दिसला तरी निकामी समजावा. त्याने आपले काम केलेले असते.

आता आपण तराजूकडे परत येऊ. लॉरेन्सचे मित्र त्याला समजावू शकले असते की, गाडी सोड. आजही घरोघर वडीलधारे हेच सांगतात. केर्न्स यांना तसे म्हणण्याची सोयच नव्हती. निरोप्याने गाडी सोडली तर निरोप कोण नेणार? म्हणून त्यांनी प्रश्नच निराळा विचारला. हे सुख एवढ्या धोक्याच्या लायकीचे आहे की नाही, हे तोलण्याआधी हा सगळा धोका त्या सुखाचाच आहे का, ते पाहू या. पाहिले तर असे दिसले की, किमतीचा फार मोठा भाग सुखासाठी नव्हे, तर उघड्या डोक्यासाठी मोजला जात होता. वारा, वेग, मोकळी सडक, विमानाशी शर्यत, सोबत्यांसाठी आणलेला खाऊ, यांतले काहीही उघड्या डोक्यावाचून अडत नव्हते. लॉरेन्सचा सौदा वेडेपणाचा नव्हता. त्याला दाम मात्र फार चढे लागले, आणि ते उतरविता येते हे त्या वेळी सामान्य स्वाराला कोणी सांगितले नव्हते.

हे समजले तरी पटायला जगाला वेळ लागला. केर्न्स १९५२ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी वारले. सर्वसामान्य स्वारांना टोप सक्तीचा करणारा पहिला कायदा झाला तो त्यांच्याच मायभूमीत, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, १९६१ मध्ये. ब्रिटनमध्ये जून १९७३ उजाडावा लागला. तिथे १९७६ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट देण्यात आली; श्रद्धा हीही एक तोलायची वस्तू असते, हे पार्लमेंटने मान्य केले. आपल्या देशाच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलमही चालविणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला टोपाची सक्ती करते आणि पगडीधारी शिखांना मोकळीक देते. अमेरिकेत मात्र १९७६ नंतर अनेक राज्यांनी केलेले कायदे मागे घेतले. माझे डोके, मी पाहीन, हा तिथला युक्तिवाद.

हा युक्तिवाद आपल्याकडेही अनोळखी नाही. १९५५ मध्ये मद्रासला 'बुलेट'ची जुळणी सुरू झाली, पुढे आकुर्डीला स्कूटर तयार होऊ लागली आणि फटफटी ही शौकिनांची वस्तू न राहता कारकुनाची, शिक्षकाची, दूधवाल्याची झाली. घरचा लाडू डब्यात घालून लेकीच्या सासरी पोहोचविणे असो की रात्रीबेरात्री डॉक्टरला आणणे असो, या दोन चाकांनी महाराष्ट्रातल्या मध्यम घरांना जे दिले त्याला तोड नाही. पुण्यासारख्या शहराची तर ती ओळखच झाली. त्याच पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची अंमलबजावणी कडक झाली, तेव्हा विरोधाचा मोठा गलका उठला. टोपाने उकडते, मान अवघडते, मागचे ऐकू येत नाही, केस जातात, शहरात वेगच कुठे असतो, अशी कारणे पुढे आली. ज्या शहराने पगडीचा एवढा अभिमान बाळगला, त्याने डोक्यावरच्या ओझ्याची तक्रार करावी, हे नवलच! उकडते हे खरे आहे. पण शहरात वेग नसतो या म्हणण्याला लॉरेन्सची दुसऱ्या गियरमधली गाडी हे उत्तर आहे.

आणि 'माझे डोके' हे म्हणणे तरी कितपत खरे? केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते. ते मागे बसले होते. या चौदा हजारांत बायका असतील, म्हातारे वडील असतील, शाळेतून परतणारी मुले असतील. हँडल त्यांच्या हाती नव्हते, वेग त्यांनी ठरविला नव्हता, आणि वाऱ्याचे सुखही बहुधा पुढच्यालाच मिळत होते. त्यांच्या वाट्याला आला तो फक्त धोका. केर्न्स यांनी १९४१ साली मृतांची संख्या दिली तेव्हा मागे बसलेल्यांनाही धरून दिली होती. आपण मात्र एक टोप घेतो, तो कर्त्याच्या डोक्यावर चढवितो, आणि कुटुंबाला तसेच मागे बसवितो.

'शिर सलामत तो पगडी पचास' असे आपले जुने लोक म्हणत. त्या म्हणीत एक गृहीत आहे: शिर सांभाळणे ही रणांगणावरची गोष्ट आहे. फटफटीने रणांगण गल्लीत आणले. त्यामुळे म्हण उलटी झाली आहे. आधी पगडी, मग शिर सलामत. तीही मागे बसणाऱ्यासाठी दुसरी.

डॉर्सेटमध्ये वेअरहॅम गावच्या एका जुन्या चर्चमध्ये लॉरेन्सची दगडी मूर्ती आहे. अरबी वेषात तो निजलेला आहे आणि त्याचे डोके उंटाच्या खोगिरावर टेकलेले आहे. ती पाहायला देशोदेशींचे लोक जातात. ह्यू केर्न्स यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासाबाहेर फारसे कोणी घेत नाही. पण त्यांनी हाती घेतलेले काम पुण्या-मुंबईच्या, नागपूर-कोल्हापूरच्या प्रत्येक गल्लीत दिसते. कुठे ते गाडीच्या आरशाला टांगलेले असते, कुठे कोपरात अडकविलेले, कुठे पोलीस दिसेपर्यंत टाकीवर ठेवलेले. यंदाच्या पाडव्याला ज्यांच्या दारी नवी गाडी येईल, त्यांनी झेंडूची माळ अवश्य घालावी, लिंबूही ठेवावे. मात्र गाडीबरोबर टोप दोन आणावेत, आणि ओवाळण्याआधी ते डोक्यांवर चढलेले आहेत की नाही, हे घरातल्या बाईमाणसांनी पाहून घ्यावे.